गळका नळ, घासणारे दार



आज आपण घरातल्या बारीकसारीक कामांविषयी बोलणार आहोत. गळणारा नळ, घासणारे दार, सैल झालेली बिजागरी, ठिबकणारे कौल. या गोष्टी दिसायला लहान असतात. पण त्या रोज थोडे पाणी खातात, थोडा पैसा खातात. एखादे वेळी माणसाचा जीवही घेतात. म्हणून त्यांना लहान म्हणून चालत नाही.

आम्ही करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा अशा तालुक्यांतून फिरतो. घराघरांतून एकच बोलणे कानावर येते. "अवो, मिस्त्री यील तवा बघू." मिस्त्री काही येत नाही. त्याचेही चुकत नाही. एका वायसरसाठी दहा मैलांवरून येणे त्याला परवडत नाही. घरातली पुरुषमंडळी शिरोलीच्या कारखान्यात नाहीतर इचलकरंजीच्या मागावर पाळीला गेलेली असतात. मग नळ गळतच राहतो. त्याखाली एक बादली ठेवली जाते. बादली भरली की दुसरी. वर्ष असेच निघून जाते.

घर बांधताना गवंडी असतो, सुतार असतो. घर राखायचे काम मात्र आपलेच असते.

आणि आपला जिल्हा तर हिकमती माणसांचा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जाऊन पाहा. घरटी लेथ, घरटी यंत्रे. आपल्याच गावात शेतावरचे इंजिन सगळे उघडून परत बसवणारी माणसे आहेत. त्या मानाने नळाचे वायसर बदलणे म्हणजे भाकरी परतण्याइतके सोपे काम. ते बाईला जमते, पोराला जमते, म्हाताऱ्या माणसालाही जमते. "बाईमाणसानं पाना धरायचा नसतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारा, "मग बादली कोण उचलतं?"

हत्यारे थोडकी

घरात सहा वस्तू ठेवा. एक पक्कड. एक सरकता पाना, म्हणजे ज्याचे तोंड लहानमोठे करता येते तो. एक स्क्रू पिळायचा डायव्हर. एक हातोडी. मशीनला घालायच्या तेलाची लहान बाटली. आणि नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप. या सगळ्या एका जुन्या डब्यात ठेवा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'हत्यारे'. आता तुम्हाला लिहिता येते. मग ते कामाला लावा. डब्यातली वस्तू डब्यात परत गेली पाहिजे, हा नियम घरातल्या सर्वांना सांगा.

एक माप लक्षात ठेवा. मिस्त्री लोक सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सूत म्हणजे अर्धा इंच. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. आपल्या घरचे नळ बहुतेक अर्ध्या इंचाचे असतात. दुकानात गेल्यावर "चार सुती नळाचं वायसर द्या" म्हणालात, की दुकानदार ओळखतो, गिऱ्हाईक जाणते आहे.

दुसरी गोष्ट. उजवीकडे फिरवले की आटे घट्ट होतात, डावीकडे फिरवले की सैल होतात. नळ, स्क्रू, नट, सगळ्यांना बहुतेक हाच कायदा. गॅसच्या सामानात काही आटे उलटे असतात. पण त्या आट्यांना आपण हात लावायचाच नाही.

आधी हिशेब

आता नळाकडे वळू. थेंब थेंब पाण्याने काय होते, असे आपण म्हणतो. तोंडाने बोलण्यापेक्षा मोजून पाहू. गळक्या नळाखाली एक तास तांब्या ठेवा. समजा, तासात एक लिटर पाणी जमले. मग दिवसाचे किती? २४ लिटर. तीस दिवसांचे किती? ७२० लिटर. घागर १२ लिटरची धरली, तर महिन्याला ६० घागरी झाल्या. ज्या माउलीने विहिरीवरून घागर वाहिली आहे, तिला साठ घागरी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

२०१९ साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. गावातल्या प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, असे माप त्यात धरले आहे. आपला नळ रोज २४ लिटर गाळत असेल, तर एका माणसाच्या वाट्यातले जवळजवळ निम्मे पाणी मोरीत गेले. ज्यांच्या घरावर टाकी आहे, त्यांचे हे पाणी रात्रीही जाते. शिवाय ते पाणी नदीतून उपसायला वीज लागलेली असते. त्या विजेचे बिल शेवटी गावच भरते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, ते पाण्याचे मोल ओळखून. आपण ते एका वायसरपायी घालवू नये.

वायसर कसे बदलावे

पितळी नळ, ज्याचे डोके चार-पाच वेळा फिरवावे लागते, त्याच्या पोटात एक रबरी चकती असते. तिलाच आपण वायसर म्हणतो. नळ बंद केला की ही चकती खालच्या भोकावर दाबून बसते आणि पाणी अडते. वर्षानुवर्षे दाबून ती झिजते, कडक होते, तिला चिरा पडतात. मग आपण नळ आणखी जोराने आवळतो. त्याने चकती आणखी फाटते. गळका नळ जोराने आवळणे म्हणजे दुखऱ्या पायावरच नाचणे.

काम असे करावे.

एक. मागचा कॉक बंद करा. टाकी असेल तर टाकीखालचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर नळाला पाणी सुटायची वेळ टळू द्या.

दोन. नळ पूर्ण सोडून नळीतले पाणी काढून टाका. मोरीच्या भोकावर फडके ठेवा. नाहीतर बारीक स्क्रू मोरीत जातो आणि काम अडते.

तीन. नळाचे पोट एका हाताने पक्कडीत धरून ठेवा. पक्कडीखाली फडके घ्या, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. दुसऱ्या हाताने डोक्याखालचा मोठा नट पान्याने डावीकडे फिरवा. नळाचे पोट न धरता जोर लावला, तर भिंतीतली नळी पिळते आणि फुटते. मग वायसरच्या कामाचे भिंत फोडायचे काम होते. म्हणून एवढे मात्र विसरू नका.

चार. डोके वर उचला. खालच्या टोकाला वायसर दिसेल. ते काढा. नवे घेताना जुने बरोबर न्या. दोन्ही एकमेकांवर ठेवून माप पाहा.

पाच. नळाच्या पोटात बोट घालून खालच्या भोकाची कड चाचपा. कड गुळगुळीत असेल तर ठीक. कड खाल्लेली, खरबरीत लागली, तर नवे वायसरही टिकणार नाही. मग नळच बदलावा.

सहा. नवे वायसर बसवा, नट आवळा, कॉक हळूहळू सोडा. नळ बंद करताना हलक्या हाताने करा.

पाणी तोंडातून न गळता वरच्या दांड्याजवळून झिरपत असेल, तर दोष वायसरचा नाही. दांड्याभोवतीचा बारीक नट पाव फेरा आवळून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर नट सोडून दांड्याभोवती तेलात भिजवलेला सुती दोरा गुंडाळा आणि नट परत बसवा.

अलीकडे पाव फेऱ्यात उघडणारे नळ निघाले आहेत. त्यांच्यात रबरी वायसर नसते. आतला सगळा तुकडाच बदलावा लागतो. प्लास्टिकचा नळ फुटला तर सबंध बदलावा. नव्या नळाच्या आट्यांचे तोंड आपल्याकडे करून, घड्याळाचा काटा फिरतो त्या दिशेने पांढऱ्या टेपचे आठ-दहा वेढे द्या. टेप ताणून गुंडाळा. प्लास्टिकचा नळ हातानेच आवळावा. पाना लावला की तो तडकतो.

दार घासते, बिजागरी कुरकुरते

पावसाळा आला की लाकूड पाणी पिते आणि फुगते. दार चौकटीला घासू लागते. आपण लगेच म्हणतो, "सुताराला बोलवा, रंधा मारून घ्या." पण जरा थांबा. आषाढात तासलेले दार चैत्रात सुकते आणि मग बोटभर फट पडते. त्या फटीतून उंदीर येतो, विंचू येतो.

आधी बिजागऱ्या पाहा. दार वर उचलून हलवा. ते हलले, तर स्क्रू ढिले झाले आहेत आणि दार आपल्याच वजनाने खाली बसले आहे. स्क्रू काढा. भोक मोठे झाले असेल तर त्यात बांबूची नाहीतर सागाची बारीक काडी सरस लावून ठोका. वर आलेले टोक कापा. सरस वाळला की त्याच जागी स्क्रू परत पिळा. दहांतली निम्मी दारे एवढ्यावरच नीट होतात.

तरीही घासले, तर ते नेमके कोठे घासते ते शोधा. चौकटीच्या कडेला कोळसा चोळा. दार लावा आणि उघडा. जेथे काळा डाग उमटेल तेथेच घासते. तेथे मेणबत्ती चोळा. पावसाळा निघून जातो. दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावरही घासत असेल, तर मग त्या डागापुरताच रंधा मारा.

कुलूप अडकते म्हणून पुष्कळ लोक त्यात गोडेतेल घालतात. दोन दिवस बरे चालते. मग तेल चिकट होते, त्याला धूळ धरते आणि कुलूप जाम होते. त्यापेक्षा पोराच्या शिसपेन्सिलीचे शिसे चाकूने खरवडा. ती काळी पूड किल्लीला लावून किल्ली चार वेळा फिरवा. बिजागरीला मात्र मशीनचे तेल दोन थेंब पुरे.

चौकटीचा पाय दर सहा महिन्यांनी हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर आत वाळवी आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर खरवडून काढा. पण तुळईला किंवा खांबाला वाळवी लागली असेल, तर ते आपले काम नाही. सुताराला त्याच दिवशी बोलवा. त्यावर छप्पर उभे असते.

कौले

आपल्याकडे जुन्या घरांवर मंगलोरी कौले आहेत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला. तेथून ती पश्चिम किनाऱ्याला आणि घाटावर आली. कौल चांगले असेल तर आजोबाने घातलेले नातवाला पुरते. बिघडते ते एखाददुसरे.

शाकारणी रोहिणी नक्षत्रात उरकावी. मृगाची वाट पाहू नये. गगनबावड्याकडे तर पाऊस पडू लागला की छपरावर हात लावता येत नाही. भर दुपारी घरात अंधार करून वर पाहा. जेथून उजेडाचा ठिपका दिसतो तेथे कौल सरकले आहे किंवा फुटले आहे. पावसात गळत असेल, तर थेंब पडतो त्याच्या बरोबर वर फट असेलच असे नाही. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते. म्हणून ओला माग धरून वरच्या अंगाला शोधा.

एखादे कौल बदलायला छपरावर चढायची गरज नाही. आतून शिडी लावा. खालून एकाने शिडी धरावी. वरच्या ओळीचे कौल थोडे वर ढकला. फुटके कौल उचलून काढून घ्या. नवे सरकवून त्याची खोबण रिपेवर अडकवा. वरचे कौल खाली ओढून बसवा.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र पाय ठेवू नका. वरून तो दगडासारखा दिसतो, पण जुना झाला की पापडासारखा मोडतो. माणूस खाली फरशीवर येतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते. तो कापताना, घासताना धूळ उडते. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षांनी रोग होतो. म्हणून असा पत्रा घरी कापू नका, त्याला भोक पाडू नका.

हात कोठे आवरावा

आता जे सांगतो ते नीट ऐका. आजच्या बोलण्यातले हे सर्वांत महत्त्वाचे. दुरुस्ती शिकणे म्हणजे काय करावे हे शिकणे. तसेच काय करू नये हेही शिकणे.

वीज. विजेच्या कामात आपले काम डोळ्यांचे आणि नाकाचे. हाताचे नाही. प्लग गरम लागतो का? बटणाजवळ काळा डाग आहे का? जळका वास येतो का? मोटार, फ्रीज किंवा ओली भिंत यांना हात लावल्यावर मुंग्या येतात का? यांतले एकही दिसले, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. "एवढंच तर हाय, मी करतो" असे म्हणू नका.

फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. बारीक तार वितळते म्हणून आपण चिडतो. पण वितळणे हेच तिचे काम. ती वितळते म्हणून घर जळत नाही. जाड तार घातली, तर फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. विजेची वायर कोठे तरी खरवडलेली असते, ती या तारेला टेकते. ओले लुगडे टाकायला गेलेली बाई तेथेच चिकटते. तिला सोडवायला धावलेला दुसरा माणूसही जातो. तार काढून टाका. त्या जागी सुती किंवा प्लास्टिकची दोरी बांधा. या कामाला एक घटका लागते. आज ऐकलेल्यांपैकी एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

घरात कोणी विजेला चिकटले तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमले नाही, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकला. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल, तर जवळही जाऊ नका. लाकूड घेऊनही जाऊ नका. पोरांना, जनावरांना लांब ठेवा आणि १९१२ नंबरला कळवा.

नवी घरे बांधणाऱ्यांनी वायरमनला सांगून गळती पकडणारा स्विच बसवून घ्यावा. ३० मिलिअँपिअरचा मागावा. अंगातून वीज जाऊ लागली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद पडतो. त्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. स्विच पडला तर तो जागा आहे. पडला नाही तर तो बदलावा.

गॅस. शेगडीची रबरी नळी पाहा. तिच्यावर वर्ष छापलेले असते. आता तुम्हाला ते वाचता येते. पाच वर्षे झाली की नळी बदलावी. त्याआधी चीर पडली तर त्याच दिवशी बदलावी. गळती पाहायची तर साबणाचा फेस लावून पाहा. फुगे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नका. गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा. दिव्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. सर्वांना घेऊन बाहेर या आणि १९०६ नंबरला फोन करा.

पुरानंतर

पंचगंगेने आपल्याला २००५ साली दाखवले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये दाखवले, २०२१ च्या जुलैमध्ये परत दाखवले. चिखली, आंबेवाडीच्या आणि शिरोळ तालुक्यातल्या लोकांना हे सांगायला नको. पाणी उतरले की घरी जायची घाई होते. त्या घाईत तीन गोष्टी पाळा.

पहिली. भिंत ओली आहे तोवर मेन स्विच चालू करू नका. बटणांच्या पेट्यांत गाळ बसलेला असतो. वायरमनने पाहिल्यावरच वीज घ्या.

दुसरी. फुगलेली दारे ओढून, ठोकून उघडू नका. जमेल तर बिजागरीचे स्क्रू सोडून दार काढा. ते सावलीत, खाली तीन ठोकळे ठेवून आडवे घाला. उन्हात घातले तर ते वाकते. महिना-दीड महिना लागेल. लागू द्या.

तिसरी. कुलपे, कड्या, बिजागऱ्या आधी स्वच्छ पाण्याने धुवा. गाळ गेला पाहिजे. नंतर कोरड्या करा आणि कडी-बिजागरीला तेल द्या. गाळावरच तेल घातले तर गंज आतल्या आत खात राहतो.

एक वही ठेवा

शेवटी एक लिहिण्याचे काम. एक साधी वही घ्या. तिच्यात तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात काम. तिसऱ्यात खर्च. 'मोरीच्या नळाचे वायसर बदलले.' 'गॅसची नळी नवी घातली.' 'माजघरातली सहा कौले बदलली.' एवढेच लिहायचे. दोन वर्षांनी वही उघडली, की कोणता नळ वरचेवर बिघडतो, कशावर फुकट पैसा जातो, ते आपोआप कळते. मिस्त्री आला आणि म्हणाला, "गेल्याच साली बदलाय पायजे हुतं," तर वही काढून दाखवता येते. लिहिलेल्या तारखेपुढे कोणाचे तोंड चालत नाही.

लिहायला शिकलो म्हणजे फक्त सही करायला शिकलो, असे नाही. घराचा कारभार आपल्या हातात यावा, यासाठी अक्षरे आहेत.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर तीन कामे करा. आधी अंगणातली लोखंडी तार काढून दोरी बांधा. मग गॅसच्या नळीवरचे वर्ष वाचा. नंतर गळक्या नळाखाली तासभर तांब्या ठेवा आणि किती पाणी जमले ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. कोणाच्या घरी किती घागरी पाणी वाया जाते आणि कोणी ते बंद केले, ते आपण सगळे मिळून वाचू.

रामराम.